फ्लोरिडाच्या मॅनेटी उपाशी का मेल्या?

२०२१ या एका वर्षात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सुमारे १,१०० मॅनेटी मेल्या. मॅनेटी म्हणजे पाण्यात राहणारा आणि पाण्यातलं गवत चरणारा मोठा सस्तन प्राणी. त्यांतल्या कितीतरी उपासमारीने गेल्या, आणि तेही कायद्याचं इतकं जुनं संरक्षण असताना. मॅनेटी मारायला तिथे १८९३ पासूनच बंदी आहे. १९६७ मध्ये ती देशाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या पहिल्याच यादीत आली. १९७८ मध्ये तर अख्खं राज्यच तिचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं.

तेव्हा मुख्य धोका होता मोटारबोटींचा. मॅनेटी संथ पोहते, उथळ पाण्यात चरते, श्वासासाठी दर काही मिनिटांनी वर येते, आणि बोटीचा पंखा थेट तिच्या पाठीवर बसतो. हे व्रण इतके सर्रास आढळतात की संशोधक त्यांवरूनच एकेक मॅनेटी ओळखतात. पुढे बोटींना वेगमर्यादा आल्या. १९९१ च्या हवाई मोजणीत १,२६७ मॅनेटी दिसल्या होत्या. नंतर संख्या सावरली आणि २०१७ मध्ये तिचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली आणला गेला.

तो निर्णय मला आजही घाईचा वाटतो, कारण तिचा चारा तेव्हाच संपत चालला होता. पूर्व किनाऱ्यालगत इंडियन रिव्हर लगून ही सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीची उथळ खाडी आहे. सेप्टिक टाक्यांची गळती, सांडपाणी आणि खतं वर्षानुवर्षं तिच्यात मुरत राहिली. २०११ पासून शेवाळ बेसुमार माजू लागलं, तळापर्यंत ऊन पोचेना, आणि निम्म्याहून अधिक समुद्री गवत नाहीसं झालं.

पाणी २० अंशांच्या खाली गेलं की मॅनेटीला सोसत नाही. म्हणून हिवाळ्यात त्या कोमट झऱ्यांवर किंवा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या गरम पाण्यापाशी गोळा होतात. २०२०-२१ च्या हिवाळ्यात तिथे ऊब होती, पण आसपास चारा नव्हता. लांब चरायला जावं तर गारठ्याने जीव जायचा.

२०२१-२२ च्या थंडीत केप कॅनव्हेरलच्या वीजकेंद्राजवळ सरकारी कर्मचाऱ्यांनी ९० टनांहून जास्त लेट्यूस पाण्यात टाकलं. एरवी मॅनेटीला खाऊ घालणं हा तिथे गुन्हा आहे. साडेचारशे किलोची मॅनेटी दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलोपर्यंत चरते, तेव्हा ही मदत किती तुटपुंजी होती ते समजतं. आता खाडीत गवताची पुनर्लागवड चालू आहे, काही वस्त्यांमधल्या सेप्टिक टाक्या काढून घरं मलवाहिनीला जोडली जात आहेत. यांतलं दुसरं काम जास्त खर्चाचं आणि वेळखाऊ आहे, पण पाणी निवळल्याशिवाय लावलेलं गवत जगत नाही.