मेंदूत टाऊ सापडलं म्हणजे अल्झायमरच, असं नाही

‘मेंदूत टाऊ साचलेलं आढळलं’ एवढं वाचलं की बहुतेकांच्या मनात पुढचा शब्द तयारच असतो: अल्झायमर. आरोग्यविषयक लेखांत ही गल्लत सर्रास होते, विज्ञानाच्या बातम्याही तिला अपवाद नाहीत. टाऊ हे मेंदूच्या पेशींमधलं एक प्रथिन. ते कुठल्या पेशीत साचलं हे कुणी विचारतच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

अल्झायमरमधलं टाऊ बऱ्याच जणांना माहीत असतं, म्हणून ते थोडक्यात. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेल्या गाठी या टाऊच्याच, आणि त्या चेतापेशींच्या आत असतात. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या परिसरातून त्या हळूहळू मेंदूच्या बाह्य थरात पसरतात. पसारा वाढतो तशी स्मृती ढासळते.

दुसऱ्या प्रकारात टाऊ साचतं ते अॅस्ट्रोसाइटमध्ये, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या तारकाकृती आधारपेशींमध्ये. साठीनंतरच्या मेंदूंत हे बऱ्यापैकी दिसतं. गाबोर कोवाच आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याला ‘वयाशी निगडित टाऊ अॅस्ट्रोग्लायोपथी’ असं नाव दिलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आर्टॅग’. (या पेशींना ‘मेंदूतला डिंक’ म्हणणं आता खरंच थांबवायला हवं. सिनॅप्सभोवतीचं, म्हणजे चेतापेशींमधल्या सांध्यांभोवतीचं, जादा ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन उचलणं, रक्तवाहिन्यांना वेढून रक्तप्रवाहाचं नियमन करणं ही त्यांची रोजची कामं आहेत.)

घोळ होतो तो काचपट्टीवर. शवविच्छेदनानंतर मेंदूचे पातळ काप ‘एटी८’ नावाच्या प्रतिपिंडाने रंगवतात. टाऊवर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटलं आहे का, एवढंच हे प्रतिपिंड ओळखतं. पेशी कोणती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे चेतापेशीतली गाठही तपकिरी दिसते आणि अॅस्ट्रोसाइटमधला साठाही तपकिरीच. अहवालात नुसतं ‘टाऊ पॉझिटिव्ह’ लिहिलं की मुख्य माहितीच गळून पडते.

सूक्ष्मदर्शकाचं वर्धन वाढवून पाहिलं की फरक दिसू लागतो. अल्झायमरची गाठ पेशीच्या देहातून निमुळती होत एका मोठ्या शाखेत शिरलेली असते. आर्टॅगचं एक रूप म्हणजे काटेरी अॅस्ट्रोसाइट. त्यात गडद रंग केंद्रकाभोवती भरतो आणि तिथून आखूड, जाडसर शाखांच्या मुळांत उतरतो. या काटेरी पेशी बऱ्याचदा मेंदूच्या कडांना सापडतात: पृष्ठभागालगत, द्रवपोकळ्यांच्या काठाने, रक्तवाहिन्यांभोवती, शिवाय चेतातंतूंच्या पांढऱ्या भागातही. दुसरं रूप कणीदार आणि धूसर. त्यात शाखांमध्ये बारीक कण विखुरलेले दिसतात, आणि ते चेतापेशींच्या देहांनी भरलेल्या करड्या भागातच आढळतं.

आकार आणि जागा यांच्याइतकाच महत्त्वाचा आहे टाऊचा प्रकार. प्रौढ मेंदूत टाऊची सहा रूपं असतात. सूक्ष्मनलिकेला (पेशीच्या आतल्या सांगाड्यातल्या बारीक नळीला) धरणारा तुकडा त्यांतल्या तीन रूपांत तीनदा येतो, उरलेल्या तीन रूपांत चारदा. अल्झायमरच्या गाठींत दोन्ही गट मिसळलेले असतात. आर्टॅगमध्ये चार तुकड्यांचं टाऊच साचतं. अल्झायमरचं टाऊ चेतापेशीतून सांडून शेजारच्या आधारपेशीत जमलं, हे सोपं चित्र इथेच अडखळतं. निरोगी अॅस्ट्रोसाइट स्वतः फारच थोडं टाऊ बनवतात, त्यामुळे हा साठा येतो कुठून यावर संशोधक आजही वाद घालतात. ‘आर्टॅग म्हणजे अल्झायमरची पहिली पायरी’ हे विधान मला म्हणूनच मुळीच मान्य नाही. आर्टॅग हे सूक्ष्मदर्शकाखालचं निरीक्षण आहे, आजाराचं निदान नव्हे. स्मृतिभ्रंश नसलेल्या वृद्धांतही ते आढळतं, अल्झायमरच्या सोबतीनेही आढळतं. दोन्ही एकत्र असतील तर दोन्हींची नोंद वेगवेगळी व्हायला हवी.

जिवंत माणसाच्या टाऊ स्कॅनवरूनही आर्टॅगचा निवाडा करू नये. त्या स्कॅनसाठी वापरलं जाणारं फ्लॉरटॉसिपिर हे किरणोत्सारी द्रव्य मुख्यतः अल्झायमरच्या गाठींना चिकटतं.

डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंच्या मेंदूविकाराबाबतही, म्हणजे सीटीईबाबतही, हाच घोळ व्हायचा. तिथेही काटेरी अॅस्ट्रोसाइट दिसू शकतात. पण २०२१ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, लहान रक्तवाहिन्यांभोवतीच्या चेतापेशींत टाऊ असल्याशिवाय सीटीईचं निदान करता येत नाही. नुसत्या काटेरी अॅस्ट्रोसाइटांवरून तर नाहीच.