शुगर आणि विसरणं: काउंटरवर रोज विचारता म्हणून छापलंय

आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेली मुलंमुली हल्ली हमखास विचारतात, आईला शुगर आहे आणि ती गॅस बंद केला की नाही तेच विसरते, याचा त्याचा काही संबंध असतो का. असतो, पण लोक समजतात तेवढा सरळ नाही.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला २,०६७ वयस्कर लोकांच्या शुगरची नोंद ठेवली, साधारण सात वर्षांत त्यातल्या ५२४ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला, २०१३ ला ते छापून आलं. आम्हाला नवल वाटलं ते वेगळंच, ज्यांना डायबेटिस नव्हताच त्यांच्यातही सरासरी शुगर १०० ऐवजी ११५ असली तर धोका १८ टक्के जास्त निघाला. सरासरी ११५ म्हणजे एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ५.६ च्या आसपास, म्हणजे आमच्या कागदावर नॉर्मलच छापून येणार! डायबेटिसवाल्यांत १६० ऐवजी १९० असली तर ४० टक्के जास्त. आता १८ टक्के म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना होतो असं नाही हां, मूळ धोका जेवढा त्याच्यावर १८ टक्के. आणि शुगरनेच झालं हे काही यातून सिद्ध होत नाही.

मग मेंदूत नेमकं होतं काय? शिकागोकडे कॅथलिक नन आणि धर्मगुरूंनी मरणोत्तर मेंदू दान केले, त्यातले २३३ मेंदू तपासून २००६ ला सांगितलं की डायबेटिसवाल्यांत रक्तपुरवठा तुटून मेलेले भाग सापडण्याची शक्यता सुमारे अडीच पट होती, पण अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार, त्याच्या मेंदूतल्या गाठी काही जास्त नव्हत्या. म्हणजे मार बसतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांना, म्हणून नुसती शुगर सांभाळून बीपी आणि तंबाखू तसंच ठेवलं तर अर्धंच काम झालं.

एक चूक मात्र घरोघरी बघतो. शुगर वाढली म्हणून आजोबांना भात बंद, रात्रीचं जेवण बंद, गोळी मात्र तेवढीच, मग शुगर फारच खाली जाते आणि पहाटे घाम फुटून बडबडायला लागतात. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के पण शरीराची वीसेक टक्के ऊर्जा एकटा खातो, त्याला उपाशी ठेवून कसं चालेल. म्हातारपणी शुगर किती खाली ठेवायची ते डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याचा आकडा बघून ठरवू नका.

अजून एक, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी ट्वेल्व्ह व्हिटॅमिन कमी होऊ शकतं आणि त्यानेही विसरायला होतं, हे सापडलं तर उपाय सोपा असतो. डॉक्टरांना विचारून ती टेस्ट करून घ्या. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, म्हणून आधी सांगा.

एचबीएवनसीला उपाशी यायची गरज नाही, आईला चहा-नाश्ता देऊनच आणा, आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून घेऊन या.