चान्स कार्ड वेगळं, ब्लू कार्ड वेगळं

गेल्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ओळखीच्या एक काकू प्लास्टिकची फाइल घेऊन घरी आल्या. "पोराचा जर्मनीचा वर्क व्हिसा होतोय. एजंटानं तीन लाख सांगितल्यात, जरा बघून दे." फाइल उघडली, तर आत अर्ज चान्स कार्डचा, म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधायच्या परवान्याचा. यंदा माझ्यासमोर आलेली ही अशी पाचवी फाइल. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढच्यांना हेच पाठवता येईल.

ब्लू कार्ड म्हणजे नोकरी आधी मिळालेल्या पदवीधराचा परवाना. तो बहुतेकांना माहीत असतो, कुणाच्या तरी आयटीतल्या भाच्याकडे तो असतोच. पदवी, हातात नोकरीचा करार आणि ठरलेल्या किमान आकड्याच्या वर पगार. हा आकडा दरवर्षी हलतो: २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो होता, २०२६ ला ५०,७०० झाला. माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना थोडा कमी. फक्त त्याला 'जर्मनीचं ग्रीन कार्ड' म्हणू नका, माझं डोकं फिरतं. ग्रीन कार्ड म्हणजे कायमचं राहणं. ब्लू कार्ड मिळतं जास्तीत जास्त चार वर्षांचं. २७ महिन्यांनी, आणि जर्मन बी१ पर्यंत येत असेल तर (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा सी२ पर्यंत चढत जातात) २१ महिन्यांनी, कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, एवढंच.

चान्स कार्ड १ जून २०२४ पासून आलं. मूळ जर्मन शब्दाचा उच्चार 'शान्सनकार्टं'च्या जवळ जातो, पण आपल्याकडं चान्स कार्ड रुळलंय, तेच चालू दे. दोन्हींची व्हिसा फी सारखीच, ७५ युरो. त्यावर वेळ घालवू नका.

काकूंचा खरा प्रश्न पुढचा होता. "व्हिसा आला की पोरगं कामाला लागणार न्हवं?"

सगळी गफलत इथंच आहे. चान्स कार्डवर काम करता येतं, हे खोटं नाही. म्हणूनच ते 'वर्क व्हिसा' म्हणून विकायला सोपं जातं. पण किती काम? आठवड्याला २० तास. हॉटेलात भांडी घासा, गोदामात खोकी उचला, काहीही. शिवाय एकेका कंपनीत दोन आठवडे चाचणी म्हणून काम करून दाखवता येतं. पूर्णवेळ नोकरी नाही, स्वतःचा धंदाही नाही. कार्ड मिळतं जास्तीत जास्त एक वर्षासाठी, आणि ते नोकरी शोधायला असतं. खासबागेच्या कुस्ती मैदानात आत सोडलं म्हणजे कुस्ती लागली असं होत नाही, आधी जोड ठरावी लागते.

पैशाचा हिशेब २०२५ च्या आकड्यांनी करू. किमान वेतन तासाला १२.८२ युरो. आठवड्याला २० तास धरले, तर महिन्याला साधारण १,१११ युरो, तेही कापाकापीच्या आधी. आणि जगायला महिन्याला हातात किमान १,०९१ युरो हवेत असं व्हिसा देणारेच सांगतात. एवढे पैसे वर्षभर पुरतील हे आधी दाखवावं लागतं. शंभर रुपयांना युरो धरला तरी ते तेरा लाख होतात. 'पोरगं घरी पैसे पाठवील' हा भाग त्यामुळं विसरायचा.

नोकरी सापडली तर कोल्हापूरला परत यायची गरज नाही, तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातच कार्ड बदलून मिळतं. ही खरोखर चांगली सोय. पण बदलताना नेहमीच्या अटी समोर येतात: पदवीला मान्यता, कामाचा दर्जा, पगार. पदवीची मान्यता नसेल तर अनुभवावर जायची एक वाट आहे, तिथंही पगाराची अट चुकत नाही. चान्स कार्ड ह्यातलं काही माफ करत नाही, वर्षभर पुढं ढकलतं. वय, अनुभव, भाषा अशांचे गुण मोजून सहा भरले की दार उघडतं, पण त्या गुणांवर तिथं राहता येत नाही.

काकूंच्या पोराचे गुण मोजले. बीकॉम, वय २७, शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीन वर्षं अकाउंट्स. वयाचे दोन, अनुभवाचे दोन, जर्मन ए२ चा एक. पाच. एजंटाच्या कागदावर सहा होते, कारण त्यानं इंग्लिश मीडियमच्या शाळेचा एक गुण धरलेला. तो गुण सी१ पातळीच्या इंग्रजीला असतो, शाळेच्या दाखल्याला नाही. जर्मन बी१ झालं तर भाषेचे दोन होतात आणि सहा भरतात.

माझं मत विचाराल तर, आयटी किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि चार वर्षांचा अनुभव असलेल्यानं चान्स कार्डच्या नादाला लागूच नये. इथं बसून ऑनलाइन मुलाखती द्याव्यात आणि ब्लू कार्डवर जावं. लग्न झालेलं असेल तर नक्कीच, कारण ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मनची अट नाही आणि तिला कामही करता येतं. चान्स कार्डवर बायकोला सोबत नेण्याची सोय सहसा नसते. बी१ आलेलं आहे, तेरा लाख बाजूला काढलेत आणि वर्ष फुकट गेलं तरी चालेल, असा गडी असेल तर मात्र चान्स कार्ड जरूर घ्यावं. एजंटाला द्यायच्या पैशात जर्मनचा क्लास आणि पुण्याला मॅक्सम्युलर भवनातली परीक्षा होऊन वर बरेच उरतात.

काकूंनी माझ्यासमोरच एजंटाला फोन लावला, स्पीकरवर. "नोकरीचं लेटर कुठाय?"

"काकू, ते तिथं गेल्यावर मिळतं."

"मग तीन लाखबी तिथं गेल्यावरच देतो की."