पीआर झालं, आता नागरिकत्व? शपथ घेण्याआधी बेळगावात आवरायची कामं

कागदपत्रांची कामं करणाऱ्या आमच्या ऑफिसात येणारे बरेच जण स्वतःच्या कामासाठी आलेले नसतात. मुलगा ब्रॅम्प्टनला, मुलगी सिडनीला आणि कागदांची पिशवी घेऊन येतात शहापूरचे वडील नाहीतर खानापूरची आई. खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला: "पीआर आहे की त्याला, आता आणि काय राहिलं?" राहतं ते पुष्कळ, आणि त्यातलं बरंचसं इथंच, बेळगाव जिल्ह्यात राहतं. म्हणून हे पत्रक तिकडच्या मुलांसाठी आहे तितकंच इकडच्या आईवडिलांसाठीही आहे.

पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे

पीआर (परमनंट रेसिडेन्सी) ही त्या देशात कायम राहण्याची आणि काम करण्याची परवानगी. पासपोर्ट भारताचाच राहतो आणि मतदानाचा हक्कही. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला नमुना ६अ भरून गावच्या यादीत नाव ठेवता येतं, फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं.

नागरिकत्वाची शपथ घेतली की मामला बदलतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, घरी नोटीसही येत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मनीने जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व सोडण्याची अट काढून टाकली, त्यामुळे तिकडची मुलं "आता दोन्ही चालतात" असं फोनवर सांगतात. जर्मनीला चालतं, दिल्लीला चालत नाही.

मग घ्यावं का?

हे ठरवणं आमचं काम नाही, पण एक गोष्ट सांगतो. ज्यांना गावी परतायचं आहे त्यांनी पासपोर्ट बदलू नये, असा समज आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं असतं. पीआर टिकवायला तिकडे राहावं लागतं: कॅनडात दर पाच वर्षांत ७३० दिवस, तर ब्रिटनमध्ये सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की कायमचा परवानाच जातो. ग्रीनकार्डवाला वर्षभर इकडे राहिला तर परतताना विमानतळावर उत्तरं द्यावी लागतात. आईच्या आजारपणासाठी दोन-तीन वर्षं हिंडलग्यात येऊन राहायचं असेल, तर पीआरवाल्याचा जीव टांगणीला. तिकडचं नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयाला परदेशी नागरिक झाल्यावर भारत सरकार देतं ते, व्हिसाशिवाय येण्या-राहण्याचं कार्ड) असलेल्याला ती चिंता नाही. तो इथं हवं तितकं राहतो आणि हवं तेव्हा परत जातो.

गमवावं लागतं तेही साफ सांगतो. मतदान जातं, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. अमेरिकेचा आणखी एक काच आहे: अमेरिकी नागरिक टिळकवाडीत निवृत्त होऊन राहिला तरी त्याला दर वर्षी अमेरिकेत उत्पन्नाचं विवरण भरावं लागतं, आणि परदेशी बँक खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तीही वेगळी कळवावी लागते. इथल्या सोसायटीतल्या ठेवी यात धरल्या जातात का, हा प्रश्न ठेव ठेवायच्या आधी तिकडच्या कर सल्लागाराला विचारा.

तिकडच्या अटी, थोडक्यात

कॅनडा: अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष तिथं हजर असायला हवं. पीआर मिळायच्या आधी स्टुडंट किंवा वर्क परमिटवर काढलेला दिवस अर्धा धरतात, पण असे जास्तीत जास्त ३६५ दिवसच मिळतात. काठावर अर्ज करू नका. गणपतीला आलेली एखादी फेरी मोजायची राहिली की सगळं गणित परत मांडावं लागतं. १८ ते ५४ वयाच्यांना परीक्षा आहे, २० प्रश्नांत १५ बरोबर यावे लागतात.

अमेरिका: ग्रीनकार्डावर पाच वर्षं, अमेरिकी नागरिकाशी लग्न होऊन त्याच्याबरोबर राहत असाल तर तीन. पाच वर्षांच्या वाटेने जाणाऱ्याला त्यातले तीस महिने प्रत्यक्ष तिथं काढलेले असावे लागतात. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं धरलं जातं आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर हवेत. जुनी शंभर प्रश्नांची यादी अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, तिच्यावर विसंबू नका.

ब्रिटन: साधारण पाच वर्षं वास्तव्य आणि कायम परवाना मिळून वर्ष. पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा आणि शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त बाहेर नको. अर्ज पोचतो त्याच्या बरोबर पाच वर्षं आधीच्या तारखेला तुम्ही ब्रिटनमध्ये असायला हवं. नेमका तो दिवस बेळगावात लग्नाला आलेला निघतो, असं होतं खरं.

ऑस्ट्रेलिया: चार वर्षं कायदेशीर वास्तव्य, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. परीक्षेत २० पैकी १५ बरोबर हवेत, पण मूल्यांवरचे पाचही प्रश्न बरोबरच लागतात, तिथे एक चुकला तरी नापास.

हे नियम बदलत असतात. अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघाच. आणि मुलांचे जुने पासपोर्ट कपाटात असतील तर रद्दीत घालू नका. ये-जा केल्याच्या तारखा त्यातल्या शिक्क्यांवरूनच काढाव्या लागतात.

गोव्यातल्या पाहुण्यांचं बघून बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टाची चौकशी करतात. ती वाट १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांसाठी आणि त्यांच्या वंशजांसाठी आहे. ते काम आम्ही करत नाही.

आपल्या भागातली खास अडचण

सगळ्यात जास्त वेळ खातात ते कागद, आणि आपल्या भागात ते जरा जास्तच खातात. एखाद्या घराचा विचार करा. आजोबांचा जन्म १९५० चा, दाखल्यावर मुंबई राज्य. १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून धाकट्या भावाच्या दाखल्यावर म्हैसूर. १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक. घर तेच, अंगणातली विहीर तीच, पण दाखल्यांवर राज्यं तीन. चंदगडचं तर आणखी वेगळं: १९५६ पर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, आता कोल्हापुरात. त्यावर २०१४ साली बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे एकाच माणसाच्या जुन्या पासपोर्टवर एक आणि नव्यावर दुसरं. जुने कागद मराठीत, पुढचे कानडीत.

हे सगळं आपल्याला पाठ आहे, टोरांटोतल्या किंवा लंडनमधल्या अधिकाऱ्याला नाही. स्वतःच्या ओसीआयला जुना भारतीय पासपोर्ट पुरतो, तिथं हे फारसं आडवं येत नाही. पण तिकडे जन्मलेल्या नातवंडांचं ओसीआय आजोबांच्या कागदांवरून काढायचं झालं की प्रत्येक दाखल्याला जोड द्यावी लागते. आम्ही प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर करून देतो आणि ही दोन्ही नावं एकाच गावाची, हा मनुष्य तोच, असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र बरोबर लावतो. मात्र ऑस्ट्रेलियात राहून अर्ज करणाऱ्यांना तिथल्याच मान्यताप्राप्त भाषांतरकाराचं भाषांतर लागतं, तिथं आमचं चालत नाही.

नावांचा घोळ याहून मोठा. दहावीच्या मार्कशीटवर नुसती आद्याक्षरं, पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी, म्हणून अमेरिकेत गेल्यावर नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) बसलेलं. सुनांचं तर विचारूच नका. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, माहेरच्या उताऱ्यावर जुनं, पासपोर्टवर नवं. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या अर्जातच नाव बदलून मागता येतं. ती संधी चांगली आहे, पण मागण्याआधी इथल्या जमिनीच्या कागदांवर काय आहे ते बघा. नाहीतर तिकडे सुटसुटीत झालेलं नाव इकडे तिसरंच होऊन बसतं.

लग्नाची नोंदणी हा राहून जाणारा आणखी एक मुद्दा. मंगल कार्यालयात थाटात लग्न झालं, पाचशे पानं उठली, आणि हातात पुरावा काय तर पत्रिका आणि अल्बम. मुलांच्या ओसीआयला आईवडिलांच्या लग्नाचा नोंदणी दाखला लागतो. नोंदणीला नवरा-बायको दोघंही लागतात, म्हणून पुढच्या सुट्टीत दोघं एकत्र आली की पहिल्या आठवड्यातच हे काम उरका.

जमीन

इथं चुकलात तर निस्तरायला वर्षं जातात. खानापूर तालुक्यातले एखादे निवृत्त मास्तर येतात. मुलगी कॅनडात, पुढच्या महिन्यात तिची शपथ. "तिच्या शपथेआधी बक्षीसपत्र करून सोडूया की, चार एकर आहे तिच्या वाट्याची." हेतू चांगला आहे, पण ती अनिवासी आहे. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस अनिवासी भारतीयाला विकतही घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. शपथेआधी करा नाहीतर नंतर, नियम तोच. २०२० साली कर्नाटकाने बिगरशेतकऱ्याला शेती घेण्याची बंदी उठवली, म्हणून 'आता कुणीही घेऊ शकतं' असं एजंट सांगतात. तो राज्याचा कायदा झाला. परकीय चलनाचा कायदा केंद्राचा, तो जागेवरच आहे.

वारसाने मात्र शेती येऊ शकते. भारतात राहणाऱ्या आईवडिलांकडून मृत्युपत्राने किंवा वारसा हक्काने मिळालेली शेतजमीन ओसीआय असलेल्या मुलीच्या नावावर राहू शकते. म्हणून मास्तरांनी चांगल्या वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावं. पुढे विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. घर, फ्लॅट, बिनशेती प्लॉट यांना हा अडथळा नाही, ते ओसीआयवाल्याला विकतही घेता येतात आणि नातेवाइकाकडून बक्षीसही मिळू शकतात.

वडील किंवा आजोबा जाऊन वर्षं झाली आणि उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव असेल, तर पौती खातं (मयताच्या जागी वारसांची नावं चढवणं) आधी करा. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) वंशवृक्षाचा दाखला काढताना परदेशातल्या भावंडाचंही नाव त्यात येऊ द्या. 'तो कुठं येतोय आता' म्हणून नाव गाळलेल्या घरांत पुढे काय होतं ते आम्ही बघतो. चंदगड-गडहिंग्लजकडेही वाटा असेल तर तिकडचा सातबारा वेगळा आणि कायदाही वेगळा, ते काम स्वतंत्र धरा.

परदेशातून मुखत्यारपत्र पाठवत असाल तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. देवघरातल्या पाकिटात वर्षभर पडलेली मुखत्यारपत्रं घेऊन लोक येतात, मग सगळं पहिल्यापासून.

शपथेनंतरचा क्रम

अमेरिकेत शपथेच्या दिवशी ग्रीनकार्ड परत घेतात, कॅनडातही पीआर कार्ड त्याच वेळी रद्द होतं. भारतीय पासपोर्टही त्या दिवसापासून वापरायचा नाही. वापरला तर पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, मुदत शिल्लक असली तरी. म्हणजे काही काळ हातात प्रवासाचं काहीच नसतं. आधी नव्या देशाचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून नागरिकत्व सोडल्याचा दाखला, मग ओसीआय. याला महिने लागू शकतात. म्हणून बहिणीचं लग्न मार्गशीर्षात असेल तर कार्तिकात शपथेची तारीख आली म्हणून नाचू नका. तारीख पुढे ढकलून मागता येते का ते बघा, नाहीतर ओसीआय येईपर्यंत नव्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा काढायची तयारी ठेवा.

ओसीआय मिळालं तरी मतदार यादीतलं नाव काढावं लागतं. वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलेलं ओसीआय वयाच्या विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट आला की एकदा बदलून घ्यायचं असतं. आणि कधी मन बदललंच, तर पाच वर्षं ओसीआय असलेल्या आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेल्या माणसाला भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो.

आम्ही काय करतो, काय नाही

आम्ही भाषांतर, प्रतिज्ञापत्र, जन्म आणि विवाहाचे दाखले, पौती खात्याचे कागद, ओसीआय आणि पासपोर्ट जमा करण्याचे अर्ज ही कामं करतो. कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज फी घेऊन भरून द्यायला तिथला परवानाधारक सल्लागार किंवा वकील लागतो, म्हणून तो आम्ही घेत नाही. कुणी बेळगावात बसून 'ओळखीने लवकर करून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका.

येताना जुने-नवे सगळे पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, ताजे उतारे आणि मुलाच्या किंवा मुलीच्या पीआर कार्डाची प्रत आणा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो. तिकडच्या मुलांशी बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतरची वेळ सांगून ठेवा, व्हिडिओ कॉल ऑफिसातूनच लावू.