गोळ्या चालू असताना सांधे पुन्हा सुजले तर

सहा-आठ महिने बरे गेलेले असतात. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी नेमाने चालू असते. आणि गौरी-गणपतीच्या धावपळीत एके सकाळी बोटं पुन्हा आखडतात. लाटणं मुठीत धरवत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, ब्लाउजचं हूक लावायला लेकीला हाक मारावी लागते. घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "या गोळ्या गरम पडतात, बंद कर." दुसरा म्हणतो, "डोस वाढवून घे." दोघांनाही काळजीच असते, पण हे दुखणं नेमकं कुठलं, हे त्याआधी ठरवायला हवं.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वयाने होणाऱ्या झिजेचा आजार नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावरच चालून जाते. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारची कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) आणि हाड कुरतडू लागतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिथे प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण साधारण अर्धा टक्का आढळलं, म्हणजे दोनशे माणसांत एक. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुपटी-तिपटीने दिसतो.

आजार उसळला असेल तर सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा जास्त टिकतो आणि हालचाल सुरू झाली की सैल पडतो. पहाटे रक्तात इंटरल्यूकिन-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं चढलेली असतात, म्हणून सकाळ सगळ्यात वाईट जाते. सुजलेला सांधा दाबला तर मऊ, फुगीर लागतो. याउलट सकाळ बरी जाते आणि दिवसभर कामं करून संध्याकाळी गुडघा ठणकतो, ते बहुतेक वेळा जुन्या झिजेचं दुखणं. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. अंगभर दुखतं, झोप लागत नाही, थकवा जात नाही, पण सांध्यांवर सूज नाही आणि रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी तपासणी, नॉर्मल. आमवाताच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला सोबत फायब्रोमायल्जिया असतो. मज्जासंस्थाच वेदनेला जास्त संवेदनशील झालेली असते. अशा वेळी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवून उपयोग होत नाही, धोका मात्र वाढतो. झोप सुधारणं, रोजचं चालणं आणि वेगळी औषधं यांनी फरक पडतो. पुणेकरांनी चौथी शक्यताही लक्षात ठेवावी. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्या तापानंतर सांधे कित्येक महिने सुजतात, आणि नुसतं पाहून ते आमवातासारखेच वाटतात. मध्ये ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

दुखणं आमवाताचंच निघालं तर पुढे गोळीकडे वळायचं, आणि इथे मला जरा जास्त थांबावंसं वाटतं. मेथोट्रेक्सेट वेदनाशामक नाही. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात "काहीच फरक नाही" म्हणून सोडून देणारे अनेक आहेत. काहींच्या गोळ्या लग्नसराईत, उपासात, सर्दी-तापात सुटत जातात आणि विचारलं की उत्तर येतं, "चालू आहेत." डॉक्टर त्या उत्तरावर विसंबून औषध बदलतात. म्हणून राहिलेल्या गोळ्या लपवू नका. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळत असेल तर तेही सांगा. ती रात्री घेता येते, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच दिवशी दोन वेळांत विभागता येते. आठवड्याला १५ मिलिग्रॅमच्या वर तोंडावाटे घेतलेलं औषध आतड्यातून पुरतं शोषलं जात नाही. तिथे इन्सुलिनसारखं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन बरंच उपयोगी पडतं. औषध "निकामी" ठरवण्याआधी एवढं करून पाहायला हवं.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो. वार ठरवा, चिठ्ठीवर अक्षरात लिहून घ्या, आणि औषध दुसरं कुणी भरून देत असेल तर त्यालाही समजावा. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी घ्या. लघवीच्या संसर्गावर गल्लीतल्या दवाखान्यात को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक दिलं जाऊ शकतं. मेथोट्रेक्सेटसोबत ते घातक ठरतं, त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी "मी मेथोट्रेक्सेटवर आहे" हे वाक्य आधी. मूल हवं असेल तर ठरवण्याआधी बोला, गरोदरपणात हे औषध चालत नाही.

उसळलेल्या दिवसांत गरम झालेल्या, सुजलेल्या सांध्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि नुसत्या आखडलेल्या बोटांना कोमट पाण्याचा शेक. सांधा अगदी निश्चल ठेवू नका, दुखण्याच्या अलीकडेपर्यंत दिवसातून थोडं थोडं हलवा. चादरी पिळणं, कणीक मळणं, भाजीची पिशवी बोटांत अडकवून मंडईतून चालत येणं ही कामं काही आठवडे घरच्या इतरांनी घ्यावीत. पिशवी न्यायचीच तर कोपरात अडकवावी. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतात, ते मधला काळ निभावून न्यायला. ते मनाने वाढवायचं नाही आणि एकदम तोडायचंही नाही. नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्यात बहुधा स्टेरॉइडच असतं, आणि पुडी अचानक बंद केली की माणूस कोसळू शकतो.

वांगं, दही, आंबट सोडल्याने हा आजार थांबतो असा पुरावा नाही. तंबाखूबाबत मात्र आहे. सिगारेट-बिडीने आजार चिघळतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. मिश्रीने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या आजाराचा आमवाताशी संबंध दिसून आला आहे.

तपासणीला जाताना दोन गोष्टी कागदावर न्या, सकाळी किती मिनिटं आखडतं आणि कुठले सांधे सुजतात. डॉक्टर २८ सांधे दाबून, रक्ताचा अहवाल जोडून एक आकडा काढतात, डीएएस-२८. तो २.६ च्या खाली आला तर आजार शांत, ५.१ च्या वर गेला तर जोरात. तीन महिन्यांत सुधारणा नाही किंवा सहा महिन्यांत ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं नाही, तर उपचार बदलायचे असतात. "चाललंय तसं चालू दे" म्हणत वर्ष काढणं मला सर्वांत महाग वाटतं, कारण कुरतडलेलं हाड परत भरत नाही. पुढची पायरी प्रत्येक वेळी महागडी नसते. मेथोट्रेक्सेटला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची जोड देणारा तिहेरी उपचार स्वस्त आहे आणि अनेकांना लागू पडतो. त्यानेही भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारी) आहेत, पण त्याआधी क्षयाची तपासणी टाळू नये, आपल्याकडे तर मुळीच नाही.

ताप आणि एकच सांधा लालबुंद, कोरडा खोकला आणि दम, तोंडात फोड, डोळा लाल होऊन दुखणं, मान दुखून हातांना मुंग्या, यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांना विचारूनच घ्या.