पोटातली शेगडी

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं मॅलार्ड बदकाचं पिल्लू तळहातावर घेतलं, तर वजन जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम. पिवळी-तपकिरी लव सुकली की ते गुबगुबीत दिसतं, पण त्या लवेखाली चरबी अशी फारशी नसतेच. देह लहान, त्यामुळे वजनाच्या मानाने उघडी कातडी जास्त. ऊब निसटायला सगळीकडून वाट. लव भिजली की ऊब धरून ठेवणारी हवाही निघून जाते. आणि हे पिल्लू तर एक-दोन दिवसांतच आईमागून पाण्यात उतरतं!

मग ते तगतं कसं? सुरुवातीची शिदोरी अंड्यातूनच येते. अंडं फोडण्याआधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. पहिल्या दिवशी पोट बोटाने हलकेच चाचपलं, तर ते भरलेलं, मऊ लागतं ते यामुळेच. हा साठा दोन-तीन दिवस पुरतो. त्यानंतरची ऊब चोचीनेच मिळवावी लागते.

बऱ्याच सस्तन प्राण्यांच्या पिल्लांकडे उष्णता निर्माण करणारी खास तपकिरी चरबी असते; पक्ष्यांकडे ती नाही. बदकाच्या पिल्लाची भिस्त स्नायूंवर. थंडी वाजली की पायांचे स्नायू थरथरतात आणि त्यातून उष्णता निघते. मस्कोवी बदकांच्या पिल्लांना काही आठवडे ४ अंश सेल्सिअसला वाढवलं, तेव्हा त्यांचे स्नायू न थरथरताही उष्णता तयार करू लागले. शरीर थंडीला असं सरावतं, पण त्याला इंधन लागतंच.

खाण्याचा उपयोग इथे दुहेरी आहे. एक तर जाळायला साखर आणि चरबी मिळते. शिवाय पचनाच्या कामातूनच उष्णता निघते, सर्वांत जास्त प्रथिनं पचवताना. मॅलार्डची पिल्लं पहिले काही आठवडे गवत-दाण्यांपेक्षा किडे जास्त का खातात, याचं मुख्य कारण वाढीसाठी लागणारी प्रथिनं हे आहेच. पण पचनाची ही ऊबही त्याच घासातून मिळते. पाण्यावर बसलेली चिलटं टिपताना पिल्लू मान लांब करून पाण्यालगत धरतं आणि झटकन पुढे झेपावतं. ते पाहताना मला दर वेळी वाटतं, हे शेगडीत एकेक काटकी टाकतंय. पावाचे तुकडे टाकणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं: पावाने पोट भरतं, पण प्रथिनं फार कमी मिळतात.

उपाशी पिल्लाचं उलट होतं. शरीर काटकसर करू लागतं, थायरॉईडशी निगडित ‘टी-३’ या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि चयापचय मंदावतो. एरवी ही काटकसर शहाणपणाची, पण गारठ्यात तीच घातक. गारठलेलं पिल्लू सुस्तावतं, किड्यामागे धावत नाही, म्हणून आणखी उपाशी राहतं. थंड पावसाच्या दिवशी तर आईच्या पंखाखाली जास्त वेळ काढावा लागतो आणि चरायला तेवढाच कमी मिळतो.

सगळ्या जाती यात सारख्या नाहीत. १९६४ साली युरोपातल्या दहा जातींच्या नवजात पिल्लांची थंडी सोसण्याची ताकद तपासली गेली. गार समुद्रकाठच्या ईडरसारख्या बदकांची पिल्लं उथळ तळ्यांतल्या बदकांच्या पिल्लांपेक्षा काटक निघाली. ईडरचं पिल्लू जन्मतः मॅलार्डच्या पिल्लाहून बरंच वजनदारही असतं.

पाळलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंशांची ऊब द्यावी आणि खाणं-पाणी त्या उबेच्या जवळच ठेवावं. एखादं पिल्लू गारठून मलूल पडलं असेल, तर घाईने चोचीत काही कोंबू नये. थंड पडलेलं पोट अन्न पचवू शकत नाही. आधी कोरडं करून ऊब द्यावी. मान सावरून उभं राहिलं, की पाणी आणि मग खाणं.