डिस्कवरील जागेची बेहिशेबी घट

घरच्या संगणकात नवीन काही साठवले नसताना डिस्कवरची मोकळी जागा कमी होत जाणे, आणि दिसणाऱ्या फाइलींची बेरीज व वापरलेली जागा यांचा मेळ न बसणे. विंडोजमध्ये मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ड्राइव्हची निळी पट्टी लाल होते. 'सी फुल्ल झालाय' ही तक्रार सहसा तेव्हाच पुढे येते, घट मात्र त्याआधी बरेच दिवस चालू असते.

सांगली-मिरजेकडच्या घरांत एकाच संचावर पोरांचा अभ्यास, मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याचा हिशेब आणि लग्नसराईत व्हिडिओचे एडिटिंग चालते. जुन्या संचाला वेग यावा म्हणून १२८ जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून तिच्यावर विंडोज टाकलेले असते आणि ती 'सी' होते, मोठी जुनी हार्ड डिस्क 'डी' म्हणून तशीच राहते. अशा घरात 'डी' अर्धा रिकामा असतो आणि 'सी' गळ्यापर्यंत भरलेला.

आधी एक गैरसमज बाजूला काढावा लागतो. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते आणि १२८ जीबीची ११९. ही घट नव्हे. यावरून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

खरा तपास वजाबाकीने सुरू होतो. 'सी' उघडून सगळे फोल्डर निवडायचे आणि प्रॉपर्टीजमध्ये बेरीज पाहायची. समजा बेरीज ८१ जीबी आली आणि ड्राइव्ह ११२ जीबी वापर दाखवतो. म्हणजे ३१ जीबींचा मालक शोधायचा आहे. जो फोल्डर उघडण्याची परवानगी नाही, त्यातला माल एक्सप्लोरर मुळी मोजतच नाही, आणि लपवलेल्या सिस्टिम फाइली निवडीत येत नाहीत. पहिला संशयित हायबरफिल.सिस. हायबरनेटसाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून संच बंद करण्यासाठी, राखलेली ही फाइल विंडोज १० मध्ये साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबींहून जास्त. दुसरी पेजफाइल.सिस, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची जागा. तिसरा सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हा फोल्डर. त्यात रिस्टोअर पॉइंटच्या, म्हणजे विंडोज मागच्या स्थितीला नेण्यासाठी ठेवलेल्या, प्रती साठतात आणि तो साध्या खात्याला उघडत नाही. एकाच संचावर थोरल्याचे आणि धाकट्याचे वेगळे युजर असतील, तर दुसऱ्याच्या डाउनलोडचा ढीगही पहिल्याच्या बेरजेत येत नाही. यांतले बहुतेक मालक विझट्रीसारखे साधन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले की एका नजरेत दिसतात, कारण ते फोल्डर एकेक न उघडता एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल-मांडणीची, मुख्य यादीच थेट वाचते.

उलट्या बाजूची फसगत विंडोजचे घटक ठेवणाऱ्या विनएसएक्सएस या फोल्डरची. त्याचा आकार पाहून अनेकजण घाबरतात. तिथल्या बऱ्याच फाइली म्हणजे एकाच मालाला दिलेली दुसरी नावे, अर्थात हार्ड लिंक. सातबाऱ्यावर चार नावे आहेत म्हणून क्षेत्र चारदा मोजावे, तसा हा आकडा फुगतो. तो फोल्डर हाताने पुसायला गेले तर विंडोजच बसते. डिस्क क्लीनअपमधून जुन्या अपडेटचा भाग काढणे हा त्याचा सुरक्षित मार्ग.

या भागातल्या घरांत अधिक वेळा सापडणारी कारणे मात्र उघड्यावरच असतात, फक्त तिकडे कोणी पाहत नाही. प्रीमियरमध्ये लग्नाचा व्हिडिओ कापताना प्रोजेक्ट 'डी'वर असला तरी मीडिया कॅश, म्हणजे कामापुरत्या बनलेल्या फाइलींचा साठा, डीफॉल्टने 'सी'वर युजरच्या ॲपडेटा या फोल्डरात जाते. लग्ने होतात, अल्बम-व्हिडिओ देऊन होतात, कॅश तिथेच राहते. तीच गत हिशेबाच्या बॅकअपची. रोजचा बॅकअप तारखेनिशी नव्या फोल्डरात टाकायची सवय चांगली, पण तो त्याच डिस्कवर पडत असेल तर जागाही जाते आणि सुरक्षितताही मिळत नाही. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या शहरात हे वेगळे सांगायला नको. आयफोनचा संगणकावर घेतलेला बॅकअपही असाच ॲपडेटात दडून बसतो, आणि तो दहा-वीस जीबींचा असू शकतो.

घट एका रात्रीत झाली असेल तर संशय अपडेटवर घ्यावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर गेलेल्या संचांत जुनी प्रणाली विंडोज.ओल्ड या नावाने मागे राहते. परत फिरण्याची दहा दिवसांची मुदत संपली की ती सहसा आपोआप जाते. त्या आधी जागा हवी असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून काढता येते.

खरोखर 'हरवलेली' जागा एकच, आणि ती विरळा. वीज अचानक गेली आणि यूपीएसची बॅटरी निकामी झालेली असली, की लिहिणे अर्धवट राहते. रिकामी जागा नोंदीत भरलेली म्हणून राहू शकते. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासण्याची आज्ञा दुरुस्तीच्या पर्यायासह चालवली की ती सुटते. सापडलेले तुकडे कधीकधी फाउंड.००० या लपवलेल्या फोल्डरात ठेवलेले असतात.

'फॉरमॅट मारा' हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. तो लागू पडतोही, पण कॅशची वाट 'डी'वर वळवली नाही तर पुढच्या लग्नसराईत तोच संच पुन्हा दुकानात येतो. हायबरनेट वापरत नसल्यास 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' या आज्ञेने ती फाइल लगेच नाहीशी होते. त्याबरोबर फास्ट स्टार्टअप, म्हणजे संच लवकर सुरू होण्याची सोय, हीही बंद पडते. विंडोजमधल्या इन्स्टॉलर या लपवलेल्या फोल्डरला मात्र हात लावू नये. तो पुसल्यावर संच चालतो, काही बिघडल्यासारखे दिसत नाही, आणि काही महिन्यांनी एखादे सॉफ्टवेअर अपडेटही होत नाही नि काढताही येत नाही.